शांततेचा जमाखर्च

युद्ध जिंकणाऱ्या सेनापतींची नावे आपण शाळेत पाठ करतो. युद्ध थांबविणाऱ्यांची नावे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाहीत. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी निवर्तलेले फिनलंडचे मार्ती आहतीसारी हे असेच एक नाव होय.

त्यांचा जन्म १९३७ साली व्हीपुरी या शहरात झाला. हे शहर पुढे सोव्हिएत संघाकडे गेले आणि आहतीसारी कुटुंब निर्वासित झाले. तरुणपणी काही काळ कराचीत शिक्षणकार्य केल्यावर ते १९६५ मध्ये परराष्ट्रसेवेत शिरले. नामिबियाच्या स्वातंत्र्याचा ठराव सुरक्षा समितीने १९७८ साली संमत केला. त्याची अंमलबजावणी सुरू होण्यास १९८९ उजाडले. त्या कार्याचे प्रमुख आहतीसारी होते, तर सेनाप्रमुख भारताचे लेफ्टनंट जनरल प्रेमचंद. आरंभीच चकमकी उसळल्या. दक्षिण आफ्रिकेच्या फौजांना तळाबाहेर पडण्यास अनुमती दिल्याबद्दल आहतीसारींवर कठोर टीका झाली. तथापि नोव्हेंबरात ९७ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकास अधिक उद्बोधक वाटावे ते इंडोनेशियातील आचे प्रांताचे प्रकरण. तेथे १९७६ पासून बंड धुमसत होते. भूमी आचेची, नैसर्गिक वायू आचेचा, उत्पन्न मात्र जाकार्ताचे, हे त्यामागील एक प्रमुख गाऱ्हाणे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हेलसिंकीत वाटाघाटींच्या पाच फेऱ्या झाल्या आणि १५ ऑगस्ट २००५ रोजी करार झाला. बंडखोरांनी स्वातंत्र्याची मागणी सोडून ८४० शस्त्रे देण्याचे मान्य केले. सरकारने कैद्यांना माफी, स्थानिक पक्षांना मान्यता आणि नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा प्रांतास देऊ केला. स्वाभिमानाच्या प्रश्नाइतकाच वाटणीचा प्रश्नही आहतीसारींनी महत्त्वाचा मानला, हे येथे ध्यानी घ्यावे.

ही किमया मध्यस्थाची नव्हे, त्सुनामीची, असा आक्षेप घेतला जातो. परंतु तीच लाट श्रीलंकेवरही आदळली होती. तेथेही नॉर्वेची मध्यस्थी होती. तरीही संघर्षाचा शेवट २००९ साली शस्त्रांनीच झाला. आपत्ती संधी देते, करार देत नाही. आणि उभय पक्षांची तयारी नसेल तर मध्यस्थही हतबल ठरतो. खुद्द आहतीसारींचा कोसोव्होविषयक आराखडा २००७ मध्ये सुरक्षा समितीची संमती मिळवू शकला नाही. २००८ चे नोबेल पारितोषिक लाभले म्हणून हे अपयश झाकण्याचे कारण नाही.

आचेच्या जमाखर्चातही एक बाकी उरली. अत्याचारांच्या सत्यशोधनाचे आश्वासन करारात होते. त्या आयोगाचे सदस्य नेमले जाण्यास मात्र २०१६ साल उजाडले. उत्पन्नाची टक्केवारी ठरविता येते. गमावलेल्या माणसांचा हिशेब तसा मिटत नाही. मध्यस्थ बंदुका थांबवू शकतो. त्यानंतरचे न्यायाचे देणे फेडणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य असते, आणि त्याचा तगादा लावणे नागरिकांचे.