केंद्रशासित प्रदेश सात, नऊ की आठ? भरतीच्या पोरांनो, जुनं पुस्तक तपासा

पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी गावाकडची पोरं बऱ्याचदा मोठ्या भावाचं जुनंच पुस्तक वापरतात. त्यात केंद्रशासित प्रदेश कुठे सात, तर कुठे नऊ लिहिलेले असतात. आजचं बरोबर उत्तर आहे आठ.

घोळ कसा झाला? आधी सातच होते. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, जम्मू-काश्मीर आणि लडाख. त्यामुळे राज्यं २९ ची २८ झाली आणि केंद्रशासित प्रदेश नऊ. पुढे २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन एकत्र केले. राहिले आठ.

त्यांच्या राजधान्या अशा:

- दिल्ली : नवी दिल्ली
- चंदीगड : चंदीगड (पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानीही हीच)
- पुदुच्चेरी : पुदुच्चेरी
- लक्षद्वीप : कवरत्ती
- अंदमान-निकोबार : श्रीविजयपुरम (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये बदललं)
- जम्मू-काश्मीर : उन्हाळ्यात श्रीनगर, हिवाळ्यात जम्मू
- लडाख : लेह
- दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव : दमण

शेवटच्या नावाला जास्त पोरं चुकतात. आपल्या पालघर जिल्ह्याच्या शेजारचं सिल्वासा ही आधी दादरा-नगर हवेलीची राजधानी होती, आता नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. विधानसभा यातल्या तिघांनाच आहे : दिल्ली, पुदुच्चेरी, जम्मू-काश्मीर.

पुस्तक उघडलं की आधी छापल्याचं साल बघा. २०२० च्या आधीचं असेल तर पेनानं आजच दुरुस्ती करा. भरतीत अर्ध्या मार्कानंही यादीतून नाव जातं.