रेघोट्या ओढा, मन हलके करा

फोनवर बोलता बोलता हाताशी असलेल्या कागदावर आपण नकळत गोल, त्रिकोण, फुले, नागमोडी रेषा काढीत राहतो. बोलणे संपल्यावर त्या कागदाचा बोळा करून टाकून देतो आणि कामाला लागतो. या टाकून दिलेल्या रेघोट्यांचा मनाच्या आरोग्याशी जवळचा संबंध आहे, असे सांगितले तर अनेकांना हसू येईल. पण आजचा आपला विषय हाच आहे.

दवाखान्यात रोज काही रुग्ण असे येतात की, डोके जड असते, छातीत धडधडते, रात्र रात्र झोप नसते. रक्त, लघवी, कार्डिओग्राम सारे तपासून होते आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. "घरी काही काळजी आहे का?" असे विचारले, की ठरलेले उत्तर मिळते, "तसं काही नाही, डॉक्टर." हा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला शब्द सापडत नसतात. घरातले दुःख कुणाजवळ बोलावे हा बाईपुढे प्रश्न असतो, तर कर्जाची चिंता बोलून दाखवणे पुरुषाला कमीपणाचे वाटते. न बोललेले दुखणे मग शरीर बोलू लागते. अशा काही रुग्णांना मी औषधाबरोबर एक वही आणि पेन्सिल आणायला सांगतो.

पती गेल्यानंतर वर्षभर न रडलेल्या एक बाई माझ्याकडे येत असत. वही म्हणताच त्या म्हणाल्या, "मला चित्र येत नाही. शाळा चौथीपर्यंतच." मी म्हटले, "चित्र काढूच नका. पेन्सिल नुसती फिरवा." पहिल्या आठवड्यात पानेच्या पाने काळ्या गुंतवळ्यांनी भरली होती. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली होती, की कागद फाटला होता. तिसऱ्या आठवड्यात एका पानावर खाट दिसली. त्यांनी खाटेवर बोट ठेवले, "इथं ते निजायचे," इतके म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळले. त्यानंतर त्या बोलू लागल्या आणि हळूहळू झोपही सुधारली. आजार रेघोट्यांनी बरा केला, असे मी म्हणणार नाही. पण बंद दार त्यांनी किलकिले केले.

हे नवीन नाही

ॲड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये होते. अंथरुणावर पडल्या पडल्या चित्रे काढताना त्यांना बरे वाटू लागले. मग त्यांनी इतर रुग्णांच्या हातीही पेन्सिल दिली आणि १९४५ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. 'कलोपचार' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनीच रूढ केला. बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डॉ. विनिकॉट मुलांशी रेघोट्यांचा खेळ खेळत. एकाने कशीही रेघ ओढायची, दुसऱ्याने तिचे काहीतरी करायचे. या खेळात मूल मोकळे होई.

आपल्याकडचे उदाहरण रवींद्रनाथ टागोरांचे. हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांच्या रेघा जोडता जोडता त्यातून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी उमटू लागले. साठी उलटल्यावर ते नेमाने चित्रे काढू लागले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील एका अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे मनाला येईल ते करायला रंग, कागद, माती दिली. आधी व नंतर लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरले. कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण "मला चित्रकला येत नाही" ही सबब मात्र उरत नाही.

कसे करावे?

१) जुनी वही किंवा पाठकोरे कागद चालतील. महागडे रंग नकोत.

२) रोज १० ते १५ मिनिटे, शक्यतो ठरावीक वेळी बसावे. मोबाईल दूर ठेवावा.

३) डोळे मिटून चार-पाच संथ श्वास घ्यावेत. मग पेन्सिल टेकवून हात जाईल तिकडे जाऊ द्यावा. खोडरबर जवळ ठेवू नये.

४) शेवटी कागद न्याहाळावा, तारीख घालावी, सुचल्यास एखादा शब्द लिहावा.

५) कुणाला दाखवायचे नसेल, तर दाखवू नये. फाडून टाकला तरी चालेल.

६) मन फार भरून आले, तर तेच उगाळू नये. समोरचा तांब्या, अंगणातली तुळस असे काहीतरी काढावे. दुःखाचेच चित्र काढण्यापेक्षा लक्ष दुसरीकडे वळवणाऱ्या चित्राने मन लवकर सावरते, असे अभ्यासांतही दिसले आहे.

घरच्यांसाठी

मुलाने काळा रंग वापरला म्हणजे ते दुःखी आहे, असले ठोकताळे बांधू नका. "हे काय काढलंस?" असे दरडावण्यापेक्षा "मला याची गोष्ट सांग" म्हणा. अर्थ लावण्याचा हक्क काढणाऱ्याचा. आणि दुसऱ्याची वही त्याच्या पाठीमागे उघडू नका.

मर्यादा ओळखा

रेघोट्या हा औषधाला पर्याय नाही. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक उडाली, कामात लक्ष लागेना, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो रात्रंदिवस चालू असतो.

एलिमेंटरीच्या परीक्षेत नापास झालेल्यांनीही या वहीला भिऊ नये. इथे कुणी गुण देणार नाही. घरात एखादी अर्धी कोरी वही पडलेली असेलच. आज रात्री निजण्यापूर्वी तिचे एक पान उघडा.