सदोष माणसांचा देव
रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई आणि ख्रिस्ती श्रद्धेतला एक अवघड विश्वास

वरणगावहून रेल्वेने पश्चिमेकडे निघालं की आधी भुसावळ येतं आणि जळगावच्या अलीकडे भादली हे लहान स्टेशन लागतं. ५ मे १९१८ रोजी इथे रेल्वेखाली सापडून त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, गेले. वय अवघं सत्तावीस. धरणगावात जन्मलेल्या या मुलाला १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात ‘बालकवी’ ही ओळख मिळाली. त्यानंतर त्याला आधार मिळाला तो अहमदनगरच्या एका ख्रिस्ती घरात, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याकडे. ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरानं त्यांना लेकासारखं जपलं.

टिळकांच्या धर्मांतराची सुरुवातही याच लोहमार्गावर पूर्वेला, नागपूरच्या पुढे झाली. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. त्यानं नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

पुढची चोवीस वर्षं मराठी ख्रिस्ती समाजाला घडवणारी ठरली. शंभराहून अधिक भक्तिगीतं टिळकांनी दिली. चर्चमध्ये भजन-कीर्तन रुजवलं, अभंगाच्या चालीत ख्रिस्त गायला. त्याआधी इथल्या उपासनेवर इंग्रजी गीतांच्या अनुवादांची छाप होती. खानदेशातही, भुसावळची रेल्वे वसाहत असो की अलायन्स मिशनच्या मंडळ्या, मराठी उपासनेला उभं राहणारा माणूस कधी ना कधी टिळकांचे शब्द गातोच.

घरातले टिळक

हेच टिळक घरी कसे होते? त्यांचा राग भयंकर होता. तो जितका चटकन यायचा तितकाच चटकन पश्चात्तापही व्हायचा. मनात आलं की कुणाला न सांगता निघून जायचे. हाती आलेला पैसा समोरच्या गरजवंताला देऊन टाकायचे. चूल कशी पेटणार, ही काळजी बायकोची. धर्म बदलण्याएवढा निर्णयही त्यांनी तिला सोबत न घेताच घेतला. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्यांनी काही वर्षं नातेवाइकांकडे, नवऱ्यापासून दूर काढली. नवरा जिवंत असतानाच समाजानं त्यांना विधवेसारखं वागवलं.

हे आपल्याला कळतं ते लक्ष्मीबाईंच्याच ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे. पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. समाज त्यांना संत मानत होता. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं संताचे गुण सांगितले आणि दोषही तितक्याच मोकळेपणानं सांगितले.

बायबलमधली माणसं

बायबल या बाबतीत विलक्षण निर्भीड आहे. याकोबानं बापाला फसवलं. मोशेच्या हातून खून झाला. पेत्रानं एका रात्रीत तीनदा ख्रिस्ताला नाकारलं, पौल ख्रिस्ती लोकांचा छळ करत हिंडला. मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत राहाब ही वेश्याही आहे. देवानं अशाच माणसांकडून आपलं काम करून घेतलं, ही ख्रिस्ती श्रद्धा. देवाचं धन आपल्याकडे मातीच्या भांड्यांत आहे, असं पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. सामर्थ्य देवाचं आहे, भांड्याचं नाही, हे कळावं म्हणून.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत याच मुद्द्यावरून चर्च दुभंगलं. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार वैध नाहीत, असं डोनॅटस पंथीयांचं म्हणणं होतं. संत ऑगस्टीननं उलट बाजू लावून धरली: संस्कार ख्रिस्ताचा असतो, तो देणाऱ्याच्या पापानं विटाळत नाही. ४११ साली कार्थेजच्या परिषदेत हीच बाजू मान्य झाली. पण हा सिद्धान्त भाविकांच्या दिलाशासाठी होता. धर्मगुरूला मोकळं रान देण्यासाठी नव्हे.

आज नेमकी इथेच गफलत होते. पुढाऱ्याचं गैरवर्तन उघडं पडलं की दावीदाचं नाव पुढे येतं: त्यानंही पाप केलं, तरी देवानं त्याला वापरलंच ना? असं म्हणणारे नाथानाला सोयीनं विसरतात. दावीदानं बथशेबेला बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरियाला, रणात मरायला पाठवलं. तेव्हा नाथान संदेष्टा राजासमोर उभा राहिला. श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावल्याची गोष्ट त्यानं सांगितली, राजा संतापला, आणि मग ही गोष्ट त्याचीच असल्याचं नाथानानं तोंडावर सुनावलं. दावीदानं अपराध कबूल केला. क्षमा मिळाली, पण परिणाम चुकले नाहीत. पाप नाव घेऊन सांगितल्यानंतरच तिथे कृपेची भाषा येते.

साक्ष कुणाची?

नगरच्या घरात नाथानाचं काम लक्ष्मीबाईंनी केलं. त्या टिळकांकडे परतल्या त्या स्वतःच्या अटींवर. सुरुवातीला आपलं सोवळं त्यांनी पाळलं, आणि टिळकांनीही बळजबरी केली नाही. जातपात माणसानं केली आहे, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हाच त्यांनी ते सोडलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकही बदलत गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळेच ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. उरलेलं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं.

टिळकांना देवानं वापरलं, असं लक्ष्मीबाई म्हणतात तेव्हा मला ते पटतं, कारण त्या रागाची झळ त्यांनीच सोसली होती. हेच वाक्य टिळकांनी स्वतःविषयी, किंवा त्यांच्या भक्तांनी लक्ष्मीबाईंना गप्प करण्यासाठी म्हटलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं. सदोष माणसाकडून देव चांगलं घडवतो, ही साक्ष देण्याचा पहिला हक्क त्या दोषाचे घाव सोसणाऱ्याचा आहे. त्यानं ती दिली नाही, तर तो नकारही चर्चनं ऐकून घेतला पाहिजे.

म्हणून कोणत्याही मंडळीत हा विश्वास उच्चारण्यापूर्वी एवढं विचारावं: दुखावलेल्या माणसाला इथे बोलता येतं का? त्याचं ऐकून कुणाला पद सोडावं लागतं का? जिथे उत्तर ‘हो’ आहे, तिथेच हा विश्वास ख्रिस्ताचा आहे.