चक्रवाकांच्या काठावर

वर्ध्याच्या माणसाला समुद्र पाहायचा तर सातशेहून जास्त किलोमीटर तुडवून मुंबई गाठावी लागते. म्हणूनच की काय, बोरधरणाच्या भिंतीवर पहिल्यांदा चढलेलं पोर हमखास ‘समुद्र!’ म्हणून ओरडतं. डिसेंबरातल्या एका दुपारी सेलू-हिंगणी मार्गानं तिथं पोचलो, तेव्हा पुढच्या एका चिमुरडीनं तेच केलं. आमच्या शाळेची सहल याच भिंतीवर यायची. डब्यातली पोळी-चटणी खाताना आम्हीही हेच म्हणायचो.

धरणाभोवतीच्या बोरच्या रानाचा इतिहास वर्धेकरांना पाठ आहे. 1970 साली अभयारण्य झालं, 2014 साली व्याघ्र प्रकल्प. त्या वेळी क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. जाहीर झाला तेव्हा देशातला सर्वांत लहान. साग, ऐन, तेंदू आणि बांबूचं हे रान पेंच, मेळघाट आणि ताडोबा यांच्या मधोमध असल्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या वाघांना ते विसाव्याचं ठिकाण. पण या वाटांवर आता महामार्ग आहेत. इथला देखणा बाजीराव वाघ 2017च्या डिसेंबरात बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेनं गेला. त्याचा शेवटचा फोटो रस्त्याच्या कडेचा, हे अजून सलतं.

सगळ्यांना वाघच हवा. सफारीची वाहनं आत जातात, वाघ दिसला नाही की माणसं हिरमुसून परततात आणि पाण्याच्या काठाकडे मान वळवत नाहीत. खरं रान हिवाळ्यात काठालाच असतं. उतरत्या पाण्यानं मोकळ्या केलेल्या चिखलात टिटव्या आणि धोबी फिरत असतात, वाळक्या खोडावर पाणकावळे पंख पसरून बसतात. येताना वाटेत तारेवर नीलपंखही दिसला. वर्धेकरांनी 2018 साली मतदान करून त्याला शहरपक्षी निवडलं, याचा मला अजून अभिमान वाटतो. पण नीलपंख घरटं करतो ते जुन्या झाडांच्या ढोलीत, आणि रस्ते रुंद करताना आपण पहिली कुऱ्हाड त्याच झाडांवर घालतो. मतं देऊन पक्षी राहत नाही, त्याला ढोली द्यावी लागते.

काठावर एक काका भेटले, वय सत्तरीपुढचं. एके काळी त्यांचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाचे अल्बम करायचे. रोलचे दिवस संपले तसं दुकानही संपलं. आता महिन्यातून दोनदा कॅमेरा घेऊन एसटीनं इथं येतात. त्यांच्याजवळ तिपाई नव्हती. होती ती खादीच्या जुन्या धोतराची, हातशिलाईची उशीएवढी पिशवी. आत काय, विचारलं तर म्हणाले, “सरकी.”

कपाशीच्या जिल्ह्यातला माणूस दुसरं काय भरणार! काकूंनी शिवलेली ती पिशवी त्यांनी दगडावर ठेवली, मधोमध मूठ दाबून खळगा केला आणि लेन्स त्यात निजवली. सरकीला कापसाचा धागा चिकटून असतो, म्हणून ती हरभऱ्यासारखी घरंगळत नाही. दाबाल तो आकार धरून ठेवते. शिवाय वजनाला हलकी. एकदा म्हशीनं वासावरून शोधून पिशवी फाडली होती, तिथं आता निळ्या कापडाचं ठिगळ आहे.

मी सूर्याकडे कॅमेरा रोखून धडाधड फोटो काढत होतो. काका सूर्याकडे पाठ करून बसले होते. “कायले घाई करता जी? सूर्य तं रोज बुडते. तो ज्याच्यावर पडला त्याले पाहा.” पाहिलं, तर पलीकडच्या चिखलात चक्रवाकाची जोडी. मुळातच केशरी-तपकिरी पक्षी. तिरप्या उन्हात ते निखाऱ्यासारखे पेटले होते. लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून हे पाहुणे आपल्या तळ्यांवर उतरतात. छत्तीस फोटोंच्या रोलवर हात बसलेल्या काकांनी अर्ध्या तासात चारच फोटो काढले. जोडी मान खाली घालून चरत होती तोवर त्यांचं बोट हललंच नाही. नरानं मान उचलली, डोळ्यात उजेडाचा ठिपका आला, तेव्हा एकदा खटका वाजला.

माझ्या शेदीडशे फोटोंत एकही तसा नाही.

तेवढ्यात मागून स्पीकर सुरू झाला. सहलीला आलेली मंडळी होती, जेवणाच्या प्लास्टिकच्या ताटल्या पाण्याकडे उडत होत्या. जोडी उठली आणि पाण्यावरून दूर गेली. काका काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी चार ताटल्या उचलल्या आणि आपल्या झोळीत घातल्या. सूर्य गेला की काठ गाणाऱ्यांचा नाही, पाण्यावर येणाऱ्यांचा असतो. हे सांगणारी एक पाटी आणि एक माणूस इथं हवाच.

चक्रवाकाची जुनी कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. शापामुळं ही जोडी दिवसभर सोबत आणि रात्री नदीच्या दोन काठांवर. मग रात्रभर एकमेकांना साद घालायची. पक्षीशास्त्र सांगतं, तसं काही नाही, ते रात्रीही चरतात आणि एकमेकांना आवाज देत राहतात. पण ती कथा रचणारा माणूस कुठल्या तरी पाण्यापाशी अंधार पडेपर्यंत बसला असणार, एवढं नक्की.

स्पीकर बंद झाला, गाड्या गेल्या. टेकड्यांमागची लाली विझत आली तशी काकांनी लेन्स दुपट्ट्यात गुंडाळली, पिशवी झटकली आणि एसटीची वेळ विचारली. उत्तर देणार तोच पाण्यावरून आवाज आला, नाकातून काढल्यासारखा, भरदार. थोड्या वेळानं पलीकडून दुसरा. काका पिशवी तशीच पोटाशी धरून उभे राहिले.