पदवीसाठी मानव्यविद्येचा विषय निवडताना

विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही आपल्या शाखेबाहेरील विषयांचा परिचय असावा, ही अपेक्षा आता पदवीच्या रचनेतच अंतर्भूत झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीतील १२० श्रेयांकांपैकी ९ श्रेयांक बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांचे असतात. त्यांत मानव्यविद्येचा विषय घेता येतो. पुष्कळ विद्यार्थी सोपे गुण मिळतील एवढेच पाहून तो निवडतात. ही दृष्टी तोकडी होय.

वस्त्रोद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या पानिपत शहरातील वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे उदाहरण पाहू. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे मराठे व अहमदशहा अब्दाली यांच्यात युद्ध झाले. इतिहास घेतल्यास या विद्यार्थ्याला मराठीतील 'भाऊसाहेबांची बखर' आणि शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताचा फारसी वृत्तान्त ताडून पाहता येईल. मराठ्यांची रसद तुटली व छावणीत उपासमार झाली, हे त्याला तेव्हा नुसते पाठ करावे लागणार नाही. पुराव्यांवरून समजून घेता येईल. जमाखर्चाच्या वह्या ताडून पाहण्याची सवय असणाऱ्यास हे काम मुळीच परके नाही. साहित्य घेतल्यास विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) ही कादंबरी वाचताना कल्पित कोठे सुरू होते, हा प्रश्न पडेल. भाषेचा अभ्यासक 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार कसा रूढ झाला, याचा शोध घेईल.

रणभूमी एकच; परंतु कामाची पद्धत निराळी. आपल्याला यांपैकी कोणते काम आवडेल, हे आधी ठरवावे. बारावीला शिकलेला विषय पुन्हा घेण्यावर निर्बंध असू शकतात. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी संबंधित विद्यापीठाची विषयसूची अवश्य पाहावी.