विद्युत रोध आणि विद्युत शक्तीचे गणन

विद्युत परिपथातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधील विभवांतर (दाब) आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा मोजल्यास त्या घटकाचा रोध आणि त्यात खर्च होणारी विद्युत शक्ती काढता येते. विभवांतर व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. मावळ तालुका व लोणावळा परिसरातील जलविद्युत योजना आणि भोर घाटातील विद्युत रेल्वे ही या गणनाच्या व्यावहारिक उपयोगाची ठळक उदाहरणे आहेत.

मूलभूत सूत्रे

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा
शक्ती = विभवांतर × विद्युतधारा

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना धातूच्या वाहकातील धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते. दोन्ही सूत्रे एकत्र केल्यास पुढील दोन रूपे मिळतात :

शक्ती = धारेचा वर्ग × रोध
शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

उदाहरणार्थ, २३० व्होल्ट दाबावर १० अँपिअर धारा घेणाऱ्या पाणी तापवण्याच्या हीटरचा रोध २३ ओहम व शक्ती २,३०० वॅट असते. एका तासात तो २.३ युनिट (किलोवॅट-तास) वीज वापरतो. रोध तोच राहून दाब २० टक्क्यांनी घटला, म्हणजे १८४ व्होल्ट झाला, तर धारा ८ अँपिअर व शक्ती १,४७२ वॅट होते. दाब २० टक्के कमी होताच शक्ती ३६ टक्के घटते आणि तेवढेच पाणी तापण्यास सुमारे दीडपट वेळ लागतो.

पाण्याची उपमा

विभवांतर म्हणजे पाण्याच्या पातळ्यांतील फरक आणि धारा म्हणजे पाण्याचा प्रवाह, अशी उपमा दिली जाते. लोणावळा, वळवण व शिरवटा तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रात आणले जाते. हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. दोन्ही ठिकाणांच्या उंचीत पाचशे मीटरहून अधिक फरक आहे. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आल्यास सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४,९०० किलोवॅट शक्ती मिळते. प्रवाह लहान असला तरी उंची मोठी असल्याने शक्ती मोठी मिळते. हेच तत्त्व वीज दूर नेतानाही लागू पडते.

वहनातील शक्तिहानी

खोपोलीची वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईस नेण्यात आली व तेथील कापड गिरण्यांना पुरवली गेली. इतक्या उच्च दाबाचे कारण पुढील सरलीकृत गणितातून स्पष्ट होते. १०,००० किलोवॅट शक्ती पाठवायची आहे आणि जाण्या-येण्याच्या तारांचा एकूण रोध १० ओहम आहे, असे मानू.

दाब १,००,००० व्होल्ट : धारा १०० अँपिअर, तारांतील हानी १०० किलोवॅट (१ टक्का)
दाब २०,००० व्होल्ट : धारा ५०० अँपिअर, हानी २,५०० किलोवॅट (२५ टक्के)
दाब १०,००० व्होल्ट : धारा १,००० अँपिअर, हानी १०,००० किलोवॅट (१०० टक्के)

अखेरच्या स्थितीत सर्व शक्ती तारा तापवण्यातच संपते व ग्राहकापर्यंत काहीच पोहोचत नाही. हानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दाब पाचपट केल्यास ती पंचवीसपट कमी होते.

गणनातील नेहमीची चूक

वरील पहिल्या उदाहरणात एक लाख व्होल्टचा वर्ग करून त्यास १० ओहमने भागल्यास हानी दहा लाख किलोवॅट येते. म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या शंभरपट. हे अशक्य आहे. एक लाख व्होल्ट हा दोन तारांमधील दाब आहे; तारांच्या लांबीवर होणारा दाबऱ्हास केवळ १०० × १० = १,००० व्होल्ट आहे. हे मूल्य वापरल्यास हानी पुन्हा १०० किलोवॅटच येते. सूत्रातील विभवांतर, धारा व रोध ही तिन्ही मूल्ये एकाच घटकाची असणे आवश्यक असते.

भोर घाटातील रेल्वे

कल्याण–पुणे लोहमार्गाचे १९२९ मध्ये १,५०० व्होल्ट दिष्ट (डीसी) प्रणालीने विद्युतीकरण झाले. कर्जत ते लोणावळा दरम्यानच्या घाटात १:३७ इतका तीव्र चढ असून गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. एका इंजिनास १,५०० किलोवॅट शक्ती लागते असे धरल्यास १,५०० व्होल्टवर १,००० अँपिअर धारा लागते. त्यामुळे जाड तारा व जवळजवळ उपकेंद्रे आवश्यक ठरतात. नंतर या मार्गावर स्वीकारलेल्या २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) प्रणालीत, शक्तिगुणक एक मानल्यास, तेवढ्याच शक्तीसाठी ६० अँपिअर पुरतात.

मर्यादा

दिव्याच्या तंतूचा रोध तापल्यावर बराच वाढतो. म्हणून थंड दिव्याच्या रोधावरून त्याची चालू स्थितीतील शक्ती काढता येत नाही. पंखा, पंप यांसारख्या मोटरयुक्त उपकरणांत विभवांतर ÷ धारा हा भागाकार केवळ तारेचा रोध दर्शवत नाही. प्रत्यावर्ती परिपथात शक्ती काढताना दाब व धारेच्या गुणाकारास शक्तिगुणकानेही गुणावे लागते. त्रिकला वहनात, तारांमधील दाब व तारेतील धारा घेतल्यास, याशिवाय तीनच्या वर्गमुळाने (सुमारे १.७३२) गुणावे लागते.