जुन्या जीपगाडीच्या ब्रेकनळ्या घरीं करणें

इ. स. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत विलीस जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. तेव्हांपासून ही गाडी शेतावाडींत रुळली. जुन्या गाडीचें एंजिन पुष्कळ गृहस्थ जिवापाड जपतात. परंतु ब्रेकच्या नळ्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. चिखल व खताचा क्षार यांनीं नळी बाहेरून गंजते. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषीत असल्यामुळें ती आंतूनहि झिजते. अशा गाडींत चारी चाकांस तेलाचा मार्ग एकच असतो. सबब एक नळी फुटली कीं सारा ब्रेक गेला.

नळी ब्रेकसाठींच बनविलेली, पोलादाची किंवा तांबें-निकेल मिश्रधातूची घ्यावी. जाडी बहुधा ३/१६ इंच असते. शुद्ध तांब्याची नळी कदापि घेऊं नये. हादऱ्यांनीं ती कडक होऊन तडकते.

जुनी नळी नमुना म्हणून जपावी. तिची लांबी सुतळीनें मोजून, दुमडीपुरती अधिक धरून नवी नळी चक्री कातरीनें कापावी. तोंडाची कड साफ करून प्रथम नट ओवावा. दुमड झाल्यावर तो चढत नाहीं. मग नळी साच्यांत आवळून ठोकळीनें तोंड फुगवावें व शंकूच्या स्क्रूनें तीच कड आंत दाबावी. या दुहेरी दुमडीचा कोन ४५ अंश असतो. एकेरी दुमड दाबाखालीं चिरते. इतर गाड्यांत तोंडाचा आकार निराळा असतो. तेथें जुन्याबरहुकूम करावें. भिंगांतून चीर दिसल्यास तेवढें तोंड कापून पुन्हां करावें.

नळी गुडघ्यावर वांकवूं नये, ती चपटते. वांकविण्याचें हत्यार वापरावें. बसविण्यापूर्वीं आंतील कीस हवेनें फुंकून काढावा, आणि नळी पूर्वीच्याच चिमट्यांत पक्की बसवावी.

तेल गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलेंच घालावें. एंजिनचें तेल घातल्यास रबरी वाट्या फुगून निकामी होतात. हवा सर्वांत दूरच्या चाकापासून काढण्यास आरंभ करावा. नंतर ब्रेक एक मिनिट जोरानें दाबून धरावा. पाय खालीं सरकला किंवा सांध्यावर थेंब दिसला, तर गाडी जागची हलवूं नये.

शेवटीं जाणत्या मिस्त्रीकडून सांधे तपासून घ्यावे व प्रथम सपाट शेतांतच गाडी चालवून पाहावी. भरल्या गाडीनें घाट उतरतांना नळीची परीक्षा होऊं देणें शहाणपणाचें नव्हे.